अक्षर चांगलं म्हणून

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. चौतीस फ्लॅटपैकी अकरा जण, आवारात पाण्याच्या मोटारीशेजारी, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. समोसे आल्यावर तेरा झाले. विषय लिफ्टचा होता. जुनी लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद आहे, नवी बसवायची तर प्रत्येकाच्या खिशाला चांगलीच चाट बसणार. तळमजल्यावरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी आयुष्यात त्या पेटाऱ्यात पाऊल ठेवलेलं नाही, मी का भरू?" थोडा गोंगाट झाला, कुणी हसलं, कुणी म्हणालं की मग गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तरी कशाला वापरता. सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. "चला, झालं," सेक्रेटरी माझ्याकडे वळले, "ताई, लिहा, ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक-अनुमोदक म्हणून कुणाचीही नावं टाका." इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर चांगलं आहे. मी 'स' लिहिला आणि पेन थांबलं.

तीस वर्षांपूर्वी ते थांबलं नव्हतं.

त्या संघटनेचं नाव लिहीत नाही. डावी होती, गिरणगावातली होती आणि मी गेले तोवर लहान होत चालली होती, एवढं पुरे. ऑफिस एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याची मधली पायरी कायम सैल. खाली पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आमच्या टेबलावरचे चहाचे ग्लास बारीक थरथरायचे, आणि कुणीतरी म्हणायचंच, "परळमध्ये एवढी एकच गिरणी फायद्यात आहे." हसायला कुणी शिल्लक नसलं तरी म्हणायचं. ८२च्या गिरणी संपाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. अडीच लाख कामगारांचा तो संप, आणि मागे घेतल्याची घोषणा कुणी कधी केलीच नाही. तो चालूच आहे असं मानणारे दोन-तीन म्हातारे रोज संध्याकाळी ऑफिसात येऊन पेपर वाचून जायचे. समितीत आम्ही दहा जण, त्यात बाई मी एकटी. त्यामुळे इतिवृत्त माझ्याकडे आणि चहा किती सांगायचा हेही माझ्याकडे. क्रांतीनंतर बघू, असं मी स्वतःला सांगत असे.

प्रश्न होता एका गिरणीच्या समझोत्याचा. ९१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायचा दरवाजा उघडला होता. मालक जमीन विकणार, त्यातून थकलेली देणी देणार, आणि युनियनने त्यावर सही करायची. आमच्या वरच्यांचं म्हणणं, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, उद्या तेही मिळणार नाही. हे म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. कितीतरी घरांत तेव्हा भांडी विकून झाली होती. पण समितीतला माझ्याच वयाचा एक जण, ज्याचे वडील त्याच गिरणीत साचे चालवायचे, तो म्हणत होता की सही करण्याआधी कामगारांचं मत घ्या. चाळीचाळीत पेटी फिरवा आणि मतदान घ्या. समितीत त्याचं कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्याने एक पत्रक काढलं आणि त्यावर सह्या गोळा केल्या. तीनशेच्या वर झाल्या.

आरोप ठेवला गेला गटबाजीचा. समितीच्या बाहेर जाऊन, समितीच्या निर्णयाविरुद्ध लोक जमवणं. घटनेत तसं कलम होतंच.

ते पत्रक सायक्लोस्टाइल केलेलं होतं आणि त्याची स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा मेणकागद, मी हाताने कापली होती. रात्री, माझ्या घरी, आईला युनियनचं काम आहे असं सांगून. समितीतल्या प्रत्येकाला माझं अक्षर ओळखता येत होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते इतिवृत्तात वाचलेलं. पत्रकाची एक प्रत टेबलाच्या मधोमध, पेपरवेटखाली पडून होती, आणि तीन तास चाललेल्या त्या बैठकीत हे अक्षर कुणाचं, असं एकानेही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्याला खुलासा करायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कामगारांना विचारा, एवढंच लिहिलंय." मग त्याला बाहेर गॅलरीत थांबायला सांगण्यात आलं. पाऊस होता. दाराच्या फटीतून त्याच्या चपलांखाली साचलेलं पाणी आत येत होतं.

हात वर झाले. माझ्या उजव्या हातात पेन होतं म्हणून मी डावा हात वर केला.

आठ हात. नववे होते मास्तर. कुठल्याही शाळेत ते शिकवत नव्हते. अभ्यासवर्ग घ्यायचे म्हणून मास्तर. तेव्हा सत्तरीचे. त्यांचे दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर एकावर एक ठेवलेले, आणि ते तसेच राहिले. अध्यक्षांनी विचारलं, विरोधी? मास्तर हलले नाहीत. तटस्थ? तरी नाहीत. अध्यक्षांची नजर त्यांच्यावरून गेली, खिडकीकडे थांबली आणि परत कागदावर आली. मी लिहायला घेतलं, 'आठ बाजूने', तोच मास्तर माझ्या बाजूला झुकले. तोंडाला खारी बिस्किटाचा वास येत होता. हळू आवाजात म्हणाले, "एकमताने लिही, पोरी."

मी 'आठ' खोडलं नाही. नवीन पान घेतलं. खाडाखोड बरी दिसत नाही.

एकमताने आणि सर्वानुमते यांत फरक आहे, असं मास्तरांनीच एका अभ्यासवर्गात सांगितलं होतं. एकमत म्हणजे सगळ्यांना तेच वाटतं. सर्वानुमत म्हणजे न वाटणाराही चालवून घेतो. आणि बहुमत म्हणजे मोजलेलं. याच अभ्यासवर्गात लोकशाही केंद्रवाद शिकवला जायचा. चर्चेत पूर्ण स्वातंत्र्य, निर्णय झाला की कृतीत एकजूट. वर्गात बसून ऐकताना यात चूक काढता येत नाही. संप पुकारल्यावर निम्मे आत आणि निम्मे फाटकावर असं चालत नाही, हे गिरणगावात कुणाला समजवावं लागत नसे. वर्गात न सांगितलेला भाग असा की १९२१ साली, क्रोनश्टाटच्या नौसैनिकांच्या बंडाच्या धामधुमीत, रशियन पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गट करायला बंदी घातली. काळ कठीण होता. पुढे कठीण काळ संपला असं कुणी जाहीर केलं नाही, बंदी तेवढी राहिली. आमच्याकडे ती सत्तर वर्षांनी, पिठाच्या गिरणीच्या वर, दहा माणसांच्या समितीत येऊन पोचली होती.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. मुंबईतल्या डाव्या युनियनांची सगळ्यांत जुनी मागणी कोणती? गुप्त मतदान. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मानली, आणि ती ठरवायची सभासदांच्या यादीवरून. कामगार कुणाच्याही मागे असोत, वाटाघाटी करायच्या त्या मान्यताप्राप्त युनियनने. कामगारांना गुप्त मतदान करू द्या, मग बघू कोण त्यांचा प्रतिनिधी, हे आम्ही फाटकसभांमध्ये घसा बसेपर्यंत ओरडलो. भिंती रंगवल्या. मी स्वतः गेरूने रंगवल्यात, 'गु' फार मोठा झाल्याने 'मतदान' पुढच्या दाराच्या चौकटीत शिरलेलं मला अजून आठवतं. आणि त्याने समितीत मागितलं तेही तेच होतं. आमचंच वाक्य आमच्यासमोर ठेवलं म्हणून आम्ही त्याला काढलं, तेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत हात वर करून. १९२८च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तेव्हा गिरणीगिरणीतून कामगारांच्या गिरणी समित्या होत्या आणि त्या वरच्या पुढाऱ्यांनाही जुमानत नसत, हे मी नंतर वाचलं. मास्तरांना अर्थातच ठाऊक असणार.

बैठकीनंतर मी त्यांच्याबरोबर लालबागपर्यंत चालत गेले. छत्री एक, त्यामुळे दोघेही भिजलो. मी विचारलं, तुमचा हात खाली होता, मग मला खोटं का लिहायला लावलंत? ते म्हणाले, "माझा हात खाली होता हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. वहीला कशाला?" मला राग आला. स्वतःचा हात कुठे होता, हे मला तेव्हा सोयीने आठवत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, त्या रात्री थोडं आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचं. १९४९मध्ये ते पंचविशीत होते. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशींनी पक्ष वाढवला, सँडहर्स्ट रोडच्या राजभुवनात, पक्षाच्या मुख्यालयात, कवी-चित्रकार-नाटकवाले जमवले, मास्तरांसारख्या पोरांना वाचायला लावलं. त्याच जोशींना, त्यांच्या जागी आलेल्या रणदिव्यांच्या काळात, पक्षाबाहेर काढलं, तेव्हा मास्तरांच्या शाखेत ठराव झाला. मास्तरांनी हात वर केला. "दोन्ही हात केले असते," म्हणाले. वर्षभरात रणदिव्यांचीच लाईन चुकली असं ठरलं, ते बाजूला झाले, आणि ५१मध्ये जोशी परत आत. "मग माझ्या हाताचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही."

६४च्या फुटीबद्दल ते फारसं बोलत नसत. एका साप्ताहिकाने पक्षाचे अध्यक्ष डांगे यांच्या नावची जुनी पत्रं छापली, १९२४मध्ये तुरुंगातून इंग्रज सरकारला लिहिलेली म्हणे. डांगे म्हणाले, बनावट. पण भांडण पत्रांच्या आधीचं होतं. काँग्रेसशी कसं वागायचं, चीनबद्दल काय म्हणायचं, असं सगळं ६२पासून साचलेलं. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले आणि देशभर कार्यकर्त्यांना ठरवावं लागलं की आपण कुणाचे. मास्तर डांग्यांच्या बाजूला राहिले. कामगार मैदानावर डांग्यांना ऐकत ते मोठे झाले होते, त्या आवाजापलीकडे त्यांना पक्ष दिसत नव्हता. त्यांच्याच मजल्यावर, समोरच्या खोलीत त्यांचा जिवलग मित्र राहायचा. तो पलीकडे, नव्या मार्क्सवादी पक्षात गेला. दोघे मिळून एक पेपर घ्यायचे, ते दोन घ्यायला लागले. नळावर भेटले तर बादलीकडे बघायचे. अकरा वर्षं. मग आणीबाणी आली. मास्तरांचा पक्ष आणीबाणीच्या बाजूने, मित्राचा विरोधात, आणि मित्राला अटक झाली. मास्तरांनी त्याच्या घरी रोज सकाळी दूध पोचवलं आणि पक्षात कुणाला सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर परवानगी दिली असती," मास्तर म्हणाले, "पण परवानगी कोण मागणार? दूध होतं ते."

७८मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षाने आणीबाणीला दिलेला पाठिंबा ही चूक होती असं मान्य केलं. डांग्यांना ते पटलं नाही. ८१मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या डांग्यांना, १९२४च्या कानपूर कम्युनिस्ट कटाच्या खटल्यापासूनच्या त्या माणसाला, पक्षाने काढून टाकलं. मला विचाराल तर मुद्द्यावर पक्ष बरोबर होता आणि डांगे चुकत होते. मास्तरांनाही तसंच वाटत होतं, हीच अडचण होती. त्यांनी पुढच्या वर्षी कार्डाचं नूतनीकरण केलं नाही. गेल्याचंही कुणाला कळू दिलं नाही. नंतर ते आमच्या लहान संघटनेत आले, आणि आयुष्यात आणखी एक फूट आपल्या हातून व्हायला नको, एवढीच त्यांची अपेक्षा होती. नवव्या हाताचा विरोध वहीत गेला असता तर त्या तीनशे सह्यांना एक पुढारी मिळाला असता. तो पुढारी त्यांना व्हायचं नव्हतं.

यावर डाव्यांना हसणाऱ्यांची मला मजा वाटते. बाकीच्या पक्षांत हा छळ नसतो, खरं आहे. तिथे एका ओळीचा ठराव होतो, सर्व अधिकार श्रेष्ठींना, आणि सगळे जेवायला जातात. आमच्याकडे निदान तीन तास भांडण व्हायचं. फक्त भांडणाचं वहीत काही उरायचं नाही.

९६मध्ये बंगालचे मार्क्सवादी मुख्यमंत्री ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केलं गेलं आणि त्यांच्या पक्षाच्या केंद्रीय समितीने नको म्हटलं. बसूंनी ऐकलं. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत ते म्हणाले, ही ऐतिहासिक चूक होती. मी पेपर घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांना ते आवडलं नाही. "बोलायचं तर आत बोलायचं." मी म्हटलं, आत बोलले होते, हरले. "मग गप्प बसायचं." स्टोव्हवर चहा उकळत होता. साखर टाकताना ते स्वतःशीच म्हणाले, "पण चूकच होती."

मास्तर गेले त्या दिवशी भोईवाड्याला आम्ही चाळीसेक जण होतो. ज्याला आम्ही काढलं, तो आला नाही. मला वाटलं, कळलं नसेल. पुढे काही वर्षांनी दादरच्या पुलावर गर्दीत तो समोर आला. डोंबिवलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं, केस पिकले होते, हसणं तेच. बोलता बोलता मी मास्तरांचं नाव काढलं आणि तो एकदम कोरडा झाला. म्हणाला, कळलं होतं, पण आलो नाही. "तुमच्या सगळ्यांचं मी समजू शकत होतो. मास्तरांनी हात वर केला, हे नाही समजलं कधी." काढून टाकल्याचं पत्र त्याला मिळालं होतं, त्यासोबत इतिवृत्ताची प्रत. एकमताने, माझ्या सुवाच्य अक्षरात. खाडाखोड नाही.

मी त्याला सांगितलं. छत्री, खारी, नवीन पान, सगळं. मागून लोक ढकलत होते, आम्ही कठड्याला चिकटलो. तो बराच वेळ खालची गाडी बघत राहिला. मग म्हणाला, "हे तू मला दहा वर्षांपूर्वी सांगायचं." माझ्या स्टेन्सिलबद्दल तो तेव्हाही काही बोलला नाही.

२०१८मध्ये सोमनाथ चटर्जी गेले. २००८मध्ये, लोकसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देत नाहीत म्हणून, चाळीस वर्षं ज्या पक्षात होते त्या मार्क्सवादी पक्षाने त्यांना काढलं होतं. कुटुंबाने पार्थिवावर लाल झेंडा घालू दिला नाही, ही बातमी मी वाचली तेव्हा मला त्या पुलाची आठवण झाली. सोमनाथबाबूंना स्वतःला झेंडा हवा होता की नको, हे आता कोण सांगणार.

एप्रिल २०२५मध्ये मदुराईला मार्क्सवादी पक्षाचं अधिवेशन झालं. मावळती समिती नव्या केंद्रीय समितीचं पॅनेल मांडते, प्रतिनिधी टाळ्या वाजवतात, हा रिवाज. या वेळी आपल्याकडचे, नाशिकचे, सिटू या कामगार संघटनेचे डी. एल. कराड पॅनेलविरुद्ध उभे राहिले. मतदान घ्यावं लागलं. त्यांना ३१ मतं पडली आणि ते हरले. त्यांच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे की नाही, हे मी तपासायलाही गेले नाही. ३१ हा आकडा मात्र मी बराच वेळ बघत बसले होते. कुणीतरी बसून तो मोजला होता. कुणीतरी लिहून घेतला होता.

तर सोसायटीच्या वहीत मी लिहिलं : ठराव बहुमताने मंजूर, बाजूने बारा, विरोधी एक. आणि कंसात काकांचा फ्लॅट नंबर. सेक्रेटरी वाचून म्हणाले, "ताई, कशाला उगाच? उद्या ऑडिटरने विचारलं तर?" मी म्हटलं, विचारू द्या. ते मान हलवत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे काका. चौथ्या मजल्यापर्यंत चढून आल्याने छाती भात्यासारखी चाललेली, एक हात चौकटीवर. मी आत बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. दम लागल्याने थांबत थांबत ते म्हणाले, "ताई, ते माझं नाव वहीतून काढून टाका. सर्वानुमते लिहा. उगाच वाईटपणा नको, एकाच इमारतीत राहायचंय."

मी म्हटलं, "काका, लिहिलंय ते लिहिलंय. खाडाखोड करत नाही मी."

ते काही बोलले नाहीत. ग्लास संपवला, आणखी अर्धा मागितला, तोही संपवला. मग उघड्या दारातून जिन्याकडे बघत त्यांनी विचारलं, "नवी लिफ्ट साधारण कधी बसेल म्हणता?"